स्वतःचे मत कुठून आणायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आहेत आणि एक पत्र पालकांचे आहे. सर्वांचा रोख लेखन आणि स्वतःचे मत याच विषयाकडे असल्यामुळे या वेळचे सदर त्या पत्रांनाच द्यायचे ठरवले.

प्रश्न : मी ठाण्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. निबंधाच्या किंवा प्रकल्पाच्या शेवटी ‘स्वतःचे मत लिहा’ अशी सूचना असते. लिहायला बसले की जे सुचते ते सगळे कुठेतरी वाचलेले किंवा ऐकलेलेच निघते. मला स्वतःचे म्हणून काही मत आहे की नाही, अशीच आता शंका येऊ लागली आहे. लिहायच्या आधी मत तयार कसे करावे?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : तुमच्या प्रश्नातील ‘आधी’ या शब्दापाशी मी थांबले. मत आधी मनात पूर्ण तयार व्हावे आणि मग ते कागदावर उतरवावे, असा क्रम आपण शाळेपासून गृहीत धरलेला असतो. वर्गात इतकी वर्षे वह्या तपासल्यावर मला असे ठामपणे वाटते की बहुतेकांचे मत लिहिता लिहिता, खोडता खोडता घडते, आणि ज्याला खोडायची भीती वाटते त्याच्याकडे उसनी वाक्येच उरतात. ‘शाप की वरदान’ या धर्तीच्या निबंधात थोडे फायदे, थोडे तोटे आणि शेवटी ‘अतिरेक टाळावा’ असे लिहिणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षकांनीच भरभरून गुण दिले आहेत. ती सवय बारावीनंतर एका दिवसात सुटावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

एका विद्यार्थिनीच्या वहीचे एक पान मला अजून आठवते. विषय प्लॅस्टिकबंदीचा होता आणि तिचे पहिले वाक्य होते, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात प्लॅस्टिक ही एक गंभीर समस्या बनली आहे.’ मी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले, ‘तू शेवटची पिशवी कधी घेतलीस?’ आठ दिवसांनी तिने नवा मजकूर आणला. शनिवारी संध्याकाळी ती आईबरोबर जांभळी नाक्याच्या बाजारात गेली होती. मेथीची जुडी घेतल्यावर भाजीवालीने पाटीखालच्या गोणपाटात हात घातला आणि एक पातळ पिशवी ओढून काढली. राज्य सरकारची बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, म्हणजे कायदा केव्हाचाच झालेला होता. मुलीने विचारले तेव्हा भाजीवाली म्हणाली, ‘पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातं.’

त्या पानावर मुलीने आधी लिहिले होते की विक्रेत्यांना मोठा दंड करावा. ते तिने खोडले, कारण शेजारची पाटी पिशवी देत असेल तर एकटीने नकार देणे त्या बाईला परवडणार नाही, हे तिने स्वतः पाहिले होते. मग लिहिले की सर्व दोष ग्राहकांचा आहे. तेही तिने अर्धे खोडले, पण अर्धे ठेवले, कारण घरी दाराच्या मागे कापडी पिशवी टांगलेली असताना आई रिकाम्या हाताने निघाली होती. शेवटी उरलेले तिचे मत असे होते, की या पिशव्या ठोक विकणाऱ्यापर्यंत कारवाई पोहोचत नाही तोवर पाटीवालीकडून दंड घेणे योग्य नाही. मला ते पूर्णपणे पटले नाही आणि मी तसे तिला सांगितलेही. पण ते मत तिचे होते आणि ‘कशावरून?’ असे विचारल्यावर तिला त्याचे उत्तर देता येत होते.

तुम्हीही असेच करून पाहा. विषय कितीही मोठा असला तरी त्याचा जो लहानसा तुकडा तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे तिथून सुरुवात करा, त्याविषयी जे वाटते ते कच्चे लिहा आणि प्रत्येक वाक्यासमोर ‘कशावरून?’ हा प्रश्न ठेवा. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालच्या खेड्यांपुरता आहे, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. पुढचा मुद्दा मात्र साऱ्या राज्यकारभाराला हात घालणारा होता : सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत हे त्यांनी आधी स्पष्ट केले, म्हणून त्या बोलण्याला वजन आले. ‘मला जेवढे दिसले तेवढ्यावरून’ असे लिहायला संकोच वाटू देऊ नका. आणि वाचलेले आठवले म्हणून घाबरू नका. ते तुमच्या जांभळी नाक्यावर टिकते का, एवढेच तपासा.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. प्रकल्पाचा मजकूर मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतो आणि थोडे फेरफार करतो. त्याची भाषा माझ्यापेक्षा चांगली असते आणि मुद्देही पटतात. जे मत मला पटते ते माझेच झाले ना? मग त्यात गैर काय आहे?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुमचे पत्र हाताने लिहिलेले आहे. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत आणि तुम्हाला काय म्हणायचे आहे ते पहिल्या वाचनात समजते. तेव्हा भाषा चांगली नसल्याची समजूत प्रथम बाजूला ठेवा.

हे साधन नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतरच्या काही काळातच माझ्यापुढे येणाऱ्या वह्यांचे रूप पालटले. परिच्छेद सारख्या लांबीचे, वाक्ये गुळगुळीत, आणि मजकुरात ना गाव, ना रस्ता, ना कोणाची आई. पटण्याविषयी म्हणाल, तर गुळगुळीत वाक्य पटकन पटते हीच त्यातली अडचण आहे. स्वतः लिहिताना आपण एखाद्या शब्दापाशी अडतो; ‘विरोध’ म्हणावे की ‘नाराजी’, असा प्रश्न पडतो आणि तो सोडवताना आपल्याला नेमके काय वाटते ते समजते. तयार मजकूर घेतला की हे अडणेच नाहीसे होते. तुम्ही होकार देता, पण ज्या प्रश्नाला होकार दिला तो प्रश्न तुम्हाला पडलेलाच नसतो. मार्गदर्शक तोंडी परीक्षेत ‘असे का?’ म्हणून विचारतात तेव्हा मुले गप्प होतात, आणि ते गप्प बसणे मला पाहवत नाही, कारण ती मुले बुद्धीने कमी नसतात.

साधन वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयाचा नियम काय आहे ते विचारून घ्या, वापर केला असेल तर तसे नमूद करा, आणि स्वतःचे दोन पाने लिहून झाल्याशिवाय ते उघडू नका. त्यानंतर त्याला तुमच्या मताविरुद्ध सर्वांत जोरकस आक्षेप विचारा आणि त्याचे उत्तर तुम्ही लिहा. त्याने दिलेली नावे, साल आणि आकडे मात्र मूळ ठिकाणी पडताळून घ्या. न घडलेली गोष्टही ते त्याच आत्मविश्वासाने सांगते.

प्रश्न : आमचे घर नेरूळजवळच्या एका गावठाणात आहे. ‘नवी मुंबई : नियोजित शहर’ या प्रकल्पात मी आजोबांच्या भूसंपादनात गेलेल्या शेतजमिनीविषयी एक परिच्छेद लिहिला. मार्गदर्शकांनी त्यावर ‘विषयांतर’ असा शेरा दिला आणि गुण कापले. सरांना हवे तेच लिहावे का?
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : हे विषयांतर आहे असे मला वाटत नाही. १९७० पासून आकाराला आलेल्या या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनींचा विचार झाला. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून पुढे आले. नियोजनाचा इतिहास लिहिताना हे वगळले तर तो इतिहास अपुरा राहतो.

तरीही तुम्ही सोबत पाठवलेला परिच्छेद मी तीनदा वाचला आणि मला तो कमी वाटला. ‘आमचे सर्वस्व गेले’ हे तुमचे वाक्य खरे असेल, पण त्याला धरायला काही नाही. आजोबांना विचारा, जमीन किती गुंठे होती? भात होत होते की मिठागर होते? बांधावर काय होते? मोबदला कोणत्या साली, किती हप्त्यांत मिळाला? पुष्कळ घरांत जुना सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला असतो. तो तुमच्याकडे असेल तर त्यावरचे पीकपाण्याचे रकाने वाचा. ‘सर्वस्व’ या शब्दाच्या जागी ते लिहा. त्याचबरोबर सरांची बाजू त्यांनी मान डोलवावी इतक्या प्रामाणिकपणे मांडा. रेल्वे स्थानकांभोवती आखलेली उपनगरे, रुंद रस्ते, सेक्टरनिहाय शाळा आणि बाजार हे सारे खरे आहे आणि तुम्हीही त्याच रस्त्यांवरून महाविद्यालयात जाता. दोन्ही गोष्टी एका पानावर आल्या की विषयांतराचा शेरा द्यायला जागा राहत नाही.

आगरकर आणि टिळक दोघेही १८५६ सालचे, जिवलग मित्र आणि सहकारी. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा आगरकर त्याचे पहिले संपादक झाले, म्हणजे वय जेमतेम चोवीस. सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढले, आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. तो वाद कटू होता, पण तो छापील अक्षरांत, कारणे देऊन झाला, म्हणून आज आपल्याला दोघांचेही म्हणणे वाचता येते. तुम्ही सुधारलेला परिच्छेद घेऊन सरांकडे जा आणि ‘यात विषय कुठे सुटला ते दाखवाल का?’ असे आदराने विचारा. कदाचित गुण वाढणार नाहीत. परिच्छेद मात्र काढू नका.

प्रश्न : आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दर महिन्याला त्याचे मत बदलते आणि जेवताना तो आजोबांशी वाद घालतो. हे उथळपणाचे लक्षण आहे का?
— एक आई, घोडबंदर रस्ता

उत्तर : ताई, या वयात मत बदलले नाही तर मला अधिक काळजी वाटेल. मत कशामुळे बदलले, हे त्याला सांगता येते की नाही, तेवढे पाहा. मागच्या महिन्याचे आणि या महिन्याचे म्हणणे तारीख घालून एकाच वहीत लिहायला सांगा. आजोबांशी उर्मटपणे बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. तो स्वभावाचा भाग झाला, मताचा नव्हे. जमल्यास आजोबांनाही त्या वहीत चार ओळी लिहायला सांगा.

प्रश्न : माझे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले, घरी आम्ही मराठी बोलतो. मत इंग्रजीत लिहिले की ते पुस्तकी होते आणि मराठीत लिहायला गेले की शब्द सापडत नाहीत. कोणत्या भाषेत लिहू?
— एक विद्यार्थिनी, वाशी

उत्तर : ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत पहिला मसुदा लिहा. मधे इंग्रजी शब्द आले तर येऊ द्या. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी त्यांतले निम्मे आपोआप गळतील. महाविद्यालयाला इंग्रजीत हवे असेल तर शेवटी त्या मजकुरावरून इंग्रजीत लिहा, म्हणजे पुस्तकी वाक्यांना शिरायला वाव मिळणार नाही.

शब्द सापडत नाहीत, कारण मराठीतले वैचारिक लेखन वाचनात आलेले नाही, आणि याला उपाय आहे. वाशीहून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट ठाण्याला येते. तिथे १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला निबंधांची पुस्तके वाचायला घ्या. आणि सुरुवातीला निबंध लिहूच नका, पत्र लिहा. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ मध्ये ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजाच्या दोषांवर लिहायला सुरुवात केली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांनी पत्राचाच घाट निवडला होता. पत्रात समोर कोणीतरी असते, त्यामुळे ‘असे मानले जाते’, ‘असे म्हटले जाते’ यांसारखी निनावी वाक्ये लिहिताना हात अडखळतो.

पहिले पत्र मलाच पाठवा. वाशीतल्या तुमच्या रस्त्यावर तुम्हाला खटकणारी एक गोष्ट घ्या, एक पान लिहा आणि खोडलेल्या ओळी तशाच दिसू द्या. शुद्धलेखन मी पाहीन.