प्रचाराच्या ध्वनिफितीला प्रमाणपत्र कशासाठी लागते, आणि शेवटच्या ४८ तासांत ती मोबाईलवर पाठवता येते का?

आपण हा प्रश्न अपक्ष उमेदवाराच्या बाजूने विचारला आहे आणि ‘हा निव्वळ कागदी छळ नव्हे काय’ अशी पुस्तीही जोडली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे ध्वनिमुद्रणाचे आणि भोंगे भाड्याने देण्याचे दुकान आहे. तुमची ही पुस्ती मी माझ्या साडभावाच्या तोंडून प्रत्येक निवडणुकीत ऐकत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

छळ मुळीच नाही. केबल टीव्हीच्या नियमांत राजकीय जाहिरातींना सरसकट मनाई होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने त्या जाहिराती आधी तपासून घेण्याच्या अटीवर दाखवण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि माध्यम प्रमाणन समितीचे काम त्यातूनच आले. आमच्याकडे ऑटोवर वाजणाऱ्या ध्वनिफितीलाही हे प्रमाणपत्र मागितले जाते. उमेदवाराने तीन दिवस आधी अर्ज करायचा, फितीच्या दोन प्रती आणि त्यातील मजकूर शब्दशः लिहून द्यायचा, एवढेच काम आहे. खरी पोटदुखी अर्जातील पुढच्या रकान्यांची असते, कारण तिथे निर्मितीचा खर्च लिहावा लागतो आणि पैसे धनादेशाने किंवा धनाकर्षानेच (डिमांड ड्राफ्ट) देऊ असे लिहून द्यावे लागते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत साडभाऊ एका उमेदवाराच्या प्रचाराची व्यवस्था पाहत होते. कापूस आणि सोयाबीनच्या भावावरचे वऱ्हाडीतले निवेदन मी मुद्रित केले आणि त्याला रीतसर प्रमाणपत्रही मिळाले. प्रचार ऐन भरात असताना एका संध्याकाळी ते आणखी एक ओळ घेऊन आले, जी विरोधी उमेदवाराच्या घरातील भांडणाविषयी होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये, असे आदर्श आचारसंहितेत स्पष्ट आहे, आणि प्रमाणपत्र तर समितीने तपासलेल्या मजकुरापुरतेच असते. मी नाही म्हटले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते : “एका ओळीनं काय होते, भाऊ? ऑटोमांगं कोण कागद घेऊन फिरते?”

ती ओळ त्यांनी दुसरीकडून जोडून घेतली आणि माझ्याच भोंग्यांवर वाजवली. आठवडी बाजाराजवळ भरारी पथकाने ऑटो थांबवला, मजकूर ताडून पाहिला आणि भोंगे, मशीन सगळे जमा करून घेतले. ऑटोवाल्याला, ज्याला त्या ओळीचा अर्थही कुणी सांगितला नव्हता, दिवस मावळेपर्यंत तहसीलमध्ये बसून राहावे लागले. उमेदवाराला नोटीस गेली, परंतु त्या बिचाऱ्या ऑटोवाल्याची बुडालेली रोजी कुणी दिली नाही. माझे सामान मतदानानंतर परत आले, आणि तोवर सासुरवाडीत बातमी पोहोचली होती की निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार मीच केली. तक्रार मी केली नव्हती. केली असती तरी त्यात तोंड लपवण्यासारखे काय होते, हे मला आजही समजत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या भागाकडे येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणूक, तसेच चित्रपट, दूरचित्रवाणी ‘किंवा तत्सम साधनां’वरून निवडणुकीचा प्रचार करता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची आहे, किंवा दोन्हींची. वृत्तपत्रे या कलमात येत नाहीत, मात्र मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या जाहिरातीला प्रमाणपत्र लागते. एरवी समाजमाध्यमांवरच्या स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या मजकुराला प्रमाणपत्र लागत नाही, परंतु पैसे भरून दिलेल्या जाहिरातीला, घाऊक संदेशाला आणि मुद्रित आवाजाच्या फोनला ते लागतेच. शेवटच्या दोन दिवसांत काहीही पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गटागटांतून फिरणारी फीत कुणाच्या हाती लागत नाही आणि ऑटो मात्र चौकात सापडतो, हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. तरीही अपक्षाने ऑटोची परवानगी गमावणे मूर्खपणाचे ठरेल, कारण आकाशवाणी आणि दूरदर्शनवरचा मोफत वेळ फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांनाच मिळतो. अपक्षाचा आवाज वाडी-तांड्यापर्यंत नेणारा भोंगाच असतो.

साडभावाचा दुसरा हट्ट असा होता की पावती कमी रकमेची द्यावी आणि उरलेले रोख घ्यावे. तुमचाही कुणी प्रतिनिधी असे सुचवत असेल तर त्याला सांगा की त्यातून एक पैसाही वाचत नाही. विधानसभेसाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी भोंग्यापासून खुर्चीपर्यंत प्रत्येक वस्तूचा दर ठरवतात आणि खर्च पथक आपल्या नोंदवहीत त्याच दराने आकडा मांडते. उमेदवाराचा आकडा त्याच्याशी जुळला नाही की नोटीस येते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरण्याची पाळी येऊ शकते. हे सगळे मी त्यांना तोंडी सांगितले होते, परंतु दुकानदाराने कायदा शिकवू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. माझे भाडे अजून यायचे आहे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. वरील सर्व लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांविषयी आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगर परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याचे आदेश वेगळे असतात, तेव्हा तुमचा अपक्ष त्यांपैकी कुठे उभा असेल, तर आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. मजकूर वऱ्हाडीत असेल तर तो वऱ्हाडीतच, जसाच्या तसा लिहून द्या, कारण पथक पुढे त्याच कागदाशी फीत ताडून पाहते.