चाळिशीत प्लास्टिक मॉडेलचा छंद सुरू करायचाय. पहिलं किट कोणतं घेऊ, एअरब्रश लागतोच का, आणि खरं दिसण्यासाठी वेदरिंग कसं शिकू?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन देऊन टाकते, कारण मला लिहायचंय ते तिसऱ्याबद्दल, म्हणजे वेदरिंगबद्दल: मॉडेलवर मळ, झीज, डाग मुद्दाम दाखवण्याबद्दल.

रणगाडा आवडत असेल तर टामिया कंपनीचं १/३५ मधलं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, एखादं साधं किट घ्या. विमान हवं असेल तर एअरफिक्सचं १/७२ मधलं स्पिटफायर. भाग बऱ्यापैकी नीट बसतात, पहिल्याच किटला फटींत पुट्टी भरत बसावं लागत नाही. ज्या बॉक्समध्ये फोटो-एच भागांची, म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेल्या बारीक भागांची, पानंच्या पानं आहेत, त्याला निदान वर्षभर हात लावू नका. हौसेनं घेतलेली अशी किटं कपाटात अर्धवट पडून राहतात आणि छंद तिथंच संपतो.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन, लागत नाही. मी नऊ वर्षं ब्रश आणि स्प्रे कॅनवर काढली. तेवढे पैसे भाग चौकटीतून कापायचं चांगलं स्प्रू कटर, ब्लेडं आणि हार्डवेअरच्या दुकानातले ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर यांत घाला.

आता तिसरं. 'खरं दिसण्यासाठी वेदरिंग' असं तुम्ही लिहिलंय. या शब्दांवरून माझं २०१९ पासून एका माणसाशी भांडण आहे. त्याला ते माहीतही नसेल.

माझं लहानपण ओझरला गेलं, नाशिकजवळ, विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीच्या टाऊनशिपमध्ये. त्या गावाला अजूनही लोक 'ओझर मिग' म्हणतात. बाबा तिथं १९७४ साली लागले, स्ट्रक्चर असेंब्लीत, रिव्हेटिंगला. तेव्हा तिथं मिग-२१ या लढाऊ विमानाचा एम हा प्रकार बनत होता. टेस्ट फ्लाइट उडालं की शाळेच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, बाई शिकवायच्या थांबायच्या, आणि आम्ही मुलं आपापसांत भांडायचो की हे कुणाच्या बाबांनी केलंय. कारखान्यात कॅमेरा नेता येत नसे. त्यामुळे चौतीस वर्षांच्या नोकरीत बाबांचा विमानाबरोबर एकही फोटो नाही. निरोपसमारंभाचा आहे, शाल आणि नारळ घेतलेला. त्यात विमान नाही.

म्हणून २०१८ च्या दिवाळीत मी एडुआर्डचं १/४८ मधलं मिग-२१ मागवलं. बॉक्सवर एमएफ लिहिलं होतं, पण बाहेरून एम आणि एमएफ जवळजवळ सारखीच. मोठा फरक इंजिनाचा आणि इंजिन काही दिसत नाही. मनात होतं की पूर्ण करून बाबांच्या वाढदिवसाला त्यांच्यासमोर ठेवायचं. ते जमलं नाही, कारण ते नाशिकहून पुण्याला माझ्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी टेबलावर फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे भाग त्यांच्या हाती लागले.

त्यांनी चष्मा लावला नाही. डोळे मिटले आणि पंखाच्या मुळाशी जिथं मी पुट्टी भरून घासलं होतं, तिथून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. मध्येच थांबले. म्हणाले, "इथं पायरी आहे." मी भिंग घेऊन पाहिलं, मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथं ठेवलं. होती पायरी, केसाएवढी. कारखान्यात रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलंय का, हे त्यांनी आयुष्यभर असंच पाहिलं होतं. गेज होतं, पण आधी नख. मी ती जागा चार वेळा घासली. चौथ्यांदा ते काही न बोलता चहा प्यायला गेले, तेव्हा कळलं की झालं.

मग रंगाचा प्रश्न आला. बाबांना हवं होतं ते उघड्या धातूचं, चंदेरी विमान. मी टामियाचा एएस-१२ हा चंदेरी कॅन आणून ठेवला होता. बाबांनी झाकणावरचा रंग बघितला आणि म्हणाले, "एवढं सगळं एकाच रंगाचं कसं असेल? पत्रे वेगवेगळे असतात." मला वाटलं, आता अडलं. तर ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल घेऊन आले. "हे बघ, हे पण ॲल्युमिनियमच आहे."

फॉइल लावून मेटल फिनिश करतात हे मी वाचलं होतं, करायची हिंमत नव्हती. दोन महिने लागले. एकेका पॅनलचा तुकडा कापायचा, मागून फॉइलसाठीचा पातळ गोंद लावायचा, तो चिकट होईपर्यंत थांबायचं, तुकडा ठेवून मधून कडेकडे इअरबडनं दाबत जायचं, आणि पॅनल लाइनवरून, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या सांध्याच्या रेघेवरून, नव्या ब्लेडनं कड कापायची. ब्लेड जरा जुनं झालं की फॉइल फाटते. एका पंखाला माझी सहा ब्लेडं गेली. बाबांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवली. फॉइल उजेडात तिरकी धरली की तिच्यावर बारीक समांतर रेघा दिसतात, कारखान्यात लाटताना उमटलेल्या. शेजारच्या दोन पॅनलांना त्या रेघा काटकोनात येतील असे तुकडे कापले, तर एकाच फॉइलचे दोन पत्रे वेगळे दिसतात. एक उजळ, एक मंद. बाजू बदलून पाहिलं की उलट. कुठल्याही रंगानं हे होत नाही. प्रत्येक तुकडा लावायच्या आधी बाबा पेन्सिलीनं त्याच्यावर बाण काढायचे.

कुठला पत्रा कुठं संपतो, हे त्यांना किटच्या कागदावर बघावं लागलं नाही. जिथं पत्रा दोन्ही बाजूंनी वळतो तिथं माझी फॉइल चुरगळायची. तिथं ते माझ्या हातून काढून घ्यायचे. हात थोडे थरथरतात आता, पण ब्लेड टेकलं की थरथर थांबते. हे मी जवळून पाहिलंय.

ते विमान घेऊन आम्ही पुण्यातल्या एका मॉडेल स्पर्धेला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. परीक्षकांपैकी एकानं मॉडेलवर टॉर्च मारला, वाकून पोट पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "काका, मेहनत दिसते. पण फारच स्वच्छ ठेवलंय. पॅनल लाइन उठत नाहीत. काळा वॉश द्या, पातळ रंग रेघांत सोडा, पोटाखाली तेलाचे ओघळ द्या. आत्ता खेळण्यासारखं दिसतंय."

मॉडेल मी केलं असेल हे त्याला सुचलंच नाही, तो भाग सोडून देते. बाबांना कमी ऐकू येतं. रिव्हेटिंग करणाऱ्या त्यांच्या वयाच्या बहुतेकांना येतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले?" मी मोठ्यानं सांगितलं, "तेलाचे ओघळ हवे होते म्हणतात."

बाबांनी त्या माणसाला अगदी नीट विचारलं, "कुठून?"

"म्हणजे असेच, जनरल."

"नाही, ओघळ असेल तर गळती असेल. गळती कुठल्या तरी जॉइंटमधून असेल. तुम्ही जागा सांगा, मी सांगतो तिथून तेल जातं का ते."

ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच जागा हवी होती. परीक्षक हसून पुढच्या टेबलाकडे गेला. त्या दिवशी पहिलं बक्षीस एका मेसरश्मिटला, जर्मन लढाऊ विमानाच्या मॉडेलला, मिळालं. त्याची प्रत्येक पॅनल लाइन काळ्या शाईनं आखल्यासारखी होती.

घरी येताना मी रिक्षात हिशोब केला. किटवरची पॅनल लाइन साधारण ०.२ मिलिमीटर रुंद असते. १/४८ म्हणजे ती ४८ पट मोठी धरा: ९.६ मिलिमीटर. खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटीमीटरची फट, आणि वर ती काळ्या रंगानं भरलेली! आवाजाच्या दुप्पट वेगानं जायला बनवलेल्या विमानाचे पत्रे असे लागले असते तर बाबांची नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली असती. किटवर रेघ रुंद असते, कारण साच्यातून त्याहून बारीक रेघ निघणं अवघड. ती साच्याची मर्यादा आहे. ती आणखी काळी करून तिला 'खरं' म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

म्हणून वेदरिंगचे व्हिडिओ बघायच्या आधी हे ठरवा की तुमचं मॉडेल कुठल्या दिवसाचं आहे. अमुक विमान, अमुक जागा, अमुक दिवस. आमचं विमान हँगरमधून बाहेर काढून हवाई दलाच्या ताब्यात दिलं त्या दिवसाचं आहे. त्या दिवशी त्याच्यावर तेलाचा थेंब असता तर कुणाला तरी जाब द्यावा लागला असता. तुमचा दिवस वेगळा असेल, मग मळ वेगळा असेल. पण त्या मळाला कारण हवं. इंधन भरायचं तोंड कुठंय, मेकॅनिक पाय कुठं ठेवतो, शिडी कुठल्या बाजूला लागते. मिग-२१ एमची कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, उजवीकडे उघडते, म्हणजे पायलट डावीकडून चढतो, म्हणजे घासलं तर डावीकडे घासेल. दोन्हीकडे सारखे ओरखडे काढलेली किती मिग मी पाहिलीत, मोजदाद नाही.

रणगाड्यांचं वेगळं आहे, हे मान्य करते. तुम्हाला रणगाडेच करायचे असतील तर वरचं निम्मं सोडून द्या. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा सेंच्युरियन, 'फामागुस्ता', १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत होता तसा करायचा असेल आणि तुम्ही तो चकचकीत ठेवलात, तर ते खोटं होईल. पुणे हॉर्सचे ते रणगाडे सुरुंगपट्ट्यातून गेले होते, शेतांतून गेले होते, त्यांच्यावर मारा झाला होता. तिथं चिखल, धूळ, जळका रंग सगळं हवं, आणि ते शिकायला वर्षं लागतात. त्यासाठी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा बघून या. व्हिडिओ शंभर बघण्यापेक्षा एक सेंच्युरियन हातभर अंतरावरून बघितलेला बरा. ट्रॅकची जाडी, वेल्डची शिवण, सगळं कळतं. फक्त तिथल्या गाड्या पुन्हा रंगवलेल्या असतात, त्यांचा रंग प्रमाण मानू नका.

आणि विमानांतही बाबांनी स्वतः दोन जागा मान्य केल्या. मिगच्या पोटातली २३ मिलिमीटरची तोफ चालली की तोंडाशी धुराचा काळा पट्टा येतो. आणि शेपटीकडचा, जेट पाइपच्या बाजूचा पत्रा तापून काळवंडतो, निळसर होतो. तो आम्ही वेगळ्या फॉइलनं केला, मेणबत्तीवर धरून. तेव्हा अजिबात वेदरिंग नको असं माझं म्हणणं नाही. स्पर्धेतल्या त्या माणसानं धुराच्या पट्ट्याबद्दल विचारलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

राहिलं घरच्यांचं 'या वयात खेळणी कशाला'. त्याचं उत्तर वाद घालून देऊ नका, हातात पॉलिश पेपर द्या. माझ्या आईनं बारा वर्षं हे 'प्लास्टिकचे तुकडे' म्हटलं. तिरंगी वर्तुळाची डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं चित्र, चिमट्यानं पाण्यातून काढून पंखावर सरकवायचं काम आता तीच करते, कारण आमच्या तिघांत तिचा हात हलका आहे. केशरी बाहेर, हिरवा मध्ये, हे तिला सांगावं लागत नाही, मला एकदा सांगावं लागलं होतं.

बाकी किरकोळ: एनॅमलचं थिनर बंद खोलीत वापरू नका, घरात लहान मूल असेल तर पातळ सिमेंटची, म्हणजे प्लास्टिक चिकटवायच्या द्रवाची, बाटली वर ठेवा. मिगच्या किटला नाकात वजन भरावं लागतं नाहीतर ते शेपटीवर बसतं. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिसं भरा, आणि दोन्ही अर्धे चिकटवायच्या आधी भरा. हे मी विसरले होते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, ते बाबांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिलं. नंतर म्हणाले, आता एफएल करू, म्हणजे एमच्या आधीचं मिग-२१. त्यांनी ओझरला पाऊल ठेवलं तेव्हा आधीची माणसं ज्याच्या गोष्टी सांगायची ते विमान. किट टेबलावर उघडलेलं आहे. एफएलची पिटो नळी, वेग मोजण्यासाठीची, नाकाच्या बरोबर मधोमध असते, एमसारखी उजवीकडे सरकलेली नसते, आणि प्लास्टिकची ती नळी हमखास मोडते. म्हणून बाबांनी इंजेक्शनच्या सुईची नळी कापून, टोक घासून, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत आधीच तयार ठेवली आहे. डबीवर पेन्सिलीनं लिहिलंय: मधोमध.