डावी सीट

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा जिन्यात भेटलीस तेव्हा मोबाइलवर नकाशा दाखवलास. फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि तू व तुझी मैत्रीण दोघींनीच न्यूझीलंडचं दक्षिण बेट पालथं घालायचं. इतकी खुशीत होतीस की तिथे उभ्या उभ्या काही बोलवलं नाही. रात्री तुझा कार्यक्रम वहीत उतरवला आणि दिवसागणिक बेरजा करून पाहिल्या. एक दिवस चक्क 580 किलोमीटरचा निघाला. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड या खाडीला जायचं, बोटीतून फिरायचं आणि रात्री परत क्वीन्सटाउन. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आपल्या मनात हायवे म्हटलं की पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे येतो. तिथले बहुतेक हायवे दोन पदरी आहेत. एक पदर जायला, एक यायला, मध्ये दुभाजक नाही. शहराबाहेर वेगमर्यादा ताशी 100 असते, पण डोंगरात दर थोड्या अंतरावर वळणाआधी पिवळी पाटी लागते आणि तिच्यावर 35, 45, 65 असा आकडा असतो. त्या आकड्यांचा मान ठेव. तो तिथल्या वळणाचा अभ्यास करून लिहिलेला असतो. नकाशा 290 किलोमीटरला चार तास सांगतो, तेव्हा त्यात चहा नसतो, फोटो नसतात, पुढे चाललेला कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची सोय असलेली मोठी गाडी, नसतो. मी म्हणेन, दिवसाचे साधारण 250 किलोमीटर ही तुमची हद्द. क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण 225. टेकापोहून आओराकी माउंट कुक गाव शंभराच्या जरा वर. तिथून लिंडिस पास ओलांडून क्वीन्सटाउन 260 च्या आसपास, तो तुमचा सगळ्यात लांबचा दिवस. पुढे ‘ते आनाउ’ नावाचं गाव 170 आणि तिथे दोन रात्री मुक्काम. तिथून मिलफर्ड 120 किलोमीटर आहे, सकाळी निघून संध्याकाळी निवांत परत येता येतं. यात पश्चिम किनारा राहून जातो. राहू दे.

आता पहिल्या दिवसाबद्दल. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

2017 च्या फेब्रुवारीत मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण तिथे गेलो होतो. सकाळी अकराला उतरलो आणि कागदपत्रं होईपर्यंत दोन वाजले. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं. म्हणजे पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा, आणि आदली अख्खी रात्र विमानात डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण ऊन लख्ख होतं, अंधार पडायला चांगले सहा-सात तास होते, टेकापोचं बुकिंग होतं. निघालो. जेराल्डीन गाव मागे पडल्यावर मैत्रिणीची मान कलली. मीच म्हटलं, झोप जरा. गाडीत शांतता, दोन्ही बाजूंना कुरणं, रस्ता सरळ. त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम चाकाखालून आलेलं घर्रर्र. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ तिथे पुष्कळ ठिकाणी मुद्दाम खडबडीत ठेवतात, तिच्यावर चाक गेलं की सगळी गाडी थरथरते. डावीकडे गेले म्हणून ती रेघ होती. उजवीकडे गेले असते तर समोरून येणारा ट्रक होता. फेअरलीला गाडी लावली आणि अर्धा तास दोघी एकमेकींशी बोललो नाही. माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

तेव्हा पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घे, आदल्या दिवशी घेऊच नकोस. दारात उभी असली की मोह होतो.

त्या दिवसापासून मला डाव्या सीटचं महत्त्व कळलं. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गाडी नवीन वाटत नाही. पण डावीकडे बसणारीने आपण प्रवासी आहोत हे विसरायचं. तिने पाटी मोठ्याने वाचायची, पुढचं वळण आधी सांगायचं, वेगाच्या काट्यावर नजर ठेवायची, चालवणारीचा फोन आपल्या मांडीवर घ्यायचा, पाण्याची बाटली उघडून हातात द्यायची. आणि झोपायचं नाही. फारच झोप आली तर गाडी थांबवून दोघींनी झोपायचं. दर दोन तासांनी जागा बदला, दमलेलं नसलात तरी बदला. दमल्यावर माणूस कबूल करत नाही.

यासाठी भाड्याच्या करारात दोघींची नावं चालक म्हणून हवीत. नाव नसलेलीने गाडी चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. तिथे विमा असला तरी नुकसानीची पहिली काही रक्कम आपल्याच खिशातून जाते, तिला एक्सेस म्हणतात, आणि ती हजारो डॉलर असू शकते. रोजचे थोडे जास्त पैसे भरून ती कमी करून मिळते. हे पैसे वाचवू नकोस, हवं तर एक हॉटेल साधं घे. कार्डाचंही आजच बघ. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत अडकवून ठेवतात, आणि पुष्कळ ठिकाणी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड त्यासाठी चालत नाही. पंचवीसच्या आतल्या चालकाला जादा आकार लावणारेही बरेच आहेत, तुम्ही दोघी त्यात येता. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा, काचेचा व्हिडिओ काढ. आम्ही काढला नव्हता. काचेवरच्या बारीक टवक्याचे पैसे आम्हाला भरावे लागले आणि तो आधीचा होता हे सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं.

सवयींचं सांगते. भाड्याच्या गाड्या तिथे बहुतेक ऑटोमॅटिक असतात. तू शिकलीस क्लचवर. घाईच्या क्षणी डावा पाय आपोआप क्लच शोधतो आणि रुंद ब्रेक पेडलवर दाणकन पडतो, गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागची गाडी येऊन आदळते. डावा पाय मागे घेऊन सीटखाली दुमडून बसायची सवय इथूनच लाव. ‘स्टॉप’ची पाटी असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, मैलभर कुणी दिसत नसलं तरी. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. आणि एकेरी पूल. दक्षिण बेटावर असे पूल पुष्कळ आहेत, दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच पदरातून जाते. पुलाआधी दोन बाणांची पाटी असते. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल दिसला तर आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळ्या पाटीवर आपला बाण मोठा आणि पांढरा असेल तर आपण आधी, तरी समोर नीट पाहूनच. चांदणी चौकात आपण ज्या पद्धतीने नाक घुसवून जागा मिळवतो ते इथेच ठेवून जा. मागे गाड्या साठल्या तर डावीकडे मोकळी जागा बघून त्यांना पुढे जाऊ दे, त्यात कमीपणा नाही.

मिलफर्डच्या रस्त्यावर मन गुंतून जातं, इतका तो सुंदर आहे. ‘ते आनाउ’ला टाकी भर, पुढे पेट्रोलचा भरवसा धरू नकोस. पेट्रोल स्वतःच भरायचं असतं, तेव्हा झाकणाच्या आत लिहिलेलं वाच, पेट्रोल की डिझेल. वाटेत बहुतांश भागात फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेव. त्या भागात वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीत जुलैत गाडी चालवलेल्या पुणेकराला त्याचा अंदाज येईल. पाऊस लागला तर हळहळू नकोस, दोन्हीकडच्या काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, ते कोरड्या दिवशी दिसत नाहीत. मग होमर बोगदा येतो. 1935 ला खणायला घेतला आणि 1954 ला गाड्यांसाठी खुला झाला, लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, आत उतार चांगलाच तीव्र. उन्हाळ्यात तोंडाशी सिग्नल असतो. तिथे थांबलीस की किआ पोपट येतील, हिरवे, मोठे, अंगापेक्षा धीट. वायपरचं आणि खिडकीचं रबर ते चोचीने सोलून काढतात. बघत बस, पण खायला काही देऊ नकोस. माणसांचं खाणं त्यांच्या जिवावर बेततं.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसा ऑनलाइन आहे, लवकर कर. आपलं लायसन्स इंग्रजीत असलं तरी संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट घे. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. लायसन्सचं मूळ कार्ड बरोबर हवंच, नुसतं परमिट पुरत नाही. तातडीचा नंबर 111.

बॅग भरताना आईशी बोल. ती लाडू देणार, भाजणी देणार, मला माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये शिरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्ममध्ये लिहावी लागते. लिहिली तर फार तर काढून घेतात, लपवली तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. मध आणि ताजी फळं नेऊच नकोस. आणि तुझे ते सिंहगडावर घालतेस ते बूट. त्यांच्या तळव्याच्या खाचांमध्ये लाल माती बसलेली मी परवा जिन्यातच पाहिली. परकी माती, बी-बियाणं त्यांना बेटावर नको असतं, बूट काढून तपासतात. जुना टूथब्रश घे, खाच न् खाच घासून काढ, दोन दिवस उन्हात वाळव.

शेवटचं मैत्रिणीबद्दल. चौदा वर्षांची मैत्री आहे म्हणालीस. गाडीतले अकरा दिवस वेगळे असतात. कुणाला गप्पा हव्यात, कुणाला शांतता. एकीला सूर्योदय, एकीला झोप. पैशांसाठी सामायिक पाकीट करा, दोघींनी सारखे पैसे टाका, पेट्रोल-जेवण त्यातून. आणि एक करार आधीच करा. दोघींपैकी कुणीही ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबेल. का म्हणून विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. माझ्या मैत्रिणीला माझे डोळे मिटताना जेराल्डीनच्या आधीच दिसले होते. मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली.

मला तुम्ही दोघी एकत्र चालवताना बघायच्या आहेत. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. येत्या रविवारी मैत्रिणीला घेऊन सकाळी सहाला खाली ये. ताम्हिणीतून माणगाव, तिथून हरिहरेश्वर, रात्रीचा मुक्काम आणि सोमवारी परत. जाताना तू चालव, येताना ती. मी मागे बसेन, काही बोलणार नाही. डाव्या सीटवर कोण काय करतं तेवढं बघेन.

तुझी,
काकू