पुरात भिजलेल्या सागवानी खिडक्या काढून स्लायडिंग बसवावं का?

मुळीच नाही. तुमच्या माहितीवरून सांगलीतलं वाचनालय दगडी आहे, खिडक्या सागवानी आहेत, खाली काचेच्या झडपा आणि वर झिलमिली, म्हणजे फिरणाऱ्या लाकडी पट्ट्या आहेत. पुरानंतर झडपा बसेनात म्हणून समितीला सगळीकडे अॅल्युमिनियम स्लायडिंग हवंय आणि तुम्ही विचारताय दुरुस्तीचा खर्च.

खर्चाचं नंतर बघू. 'पुरात लाकूड कुजलं' हे कारण २०१९ पासून ऐकतोय आणि दर वेळी संताप येतो. त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या एका जुन्या शाळेत पाणी ओसरल्याबरोबर सुतार बोलावला गेला. झडपा फुगलेल्या, चौकटीत अडकत होत्या. त्याने कडेने रंधा मारून त्या बसवून दिल्या. थंडीत लाकूड आटलं आणि झडप व चौकटीत बोट जाईल एवढी फट पडली. मग ठरलं की लाकूडच वाया गेलं. सगळा साग भंगाराच्या भावात गेला. त्या चौकटी ठणठणीत होत्या. बिघडवलं ते रंध्याने, पण आळ पुरावर आला.

भिजलेलं लाकूड त्याच्या रेषांच्या आडव्या दिशेत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून आधी झडपा बिजागरीतून सोडवा, सांध्यांतला गाळ स्वच्छ पाण्याने धुवा आणि मध्ये गुट्ट्या घालून सावलीत आडव्या रचा. उन्हात ठेवल्या तर टोकं चिरतात. ओलावा मोजायचं यंत्र १२ ते १४ टक्के दाखवेपर्यंत रंधा पेटीतच राहू द्या. बहुतेक झडपा तोवर आपोआप बसतात.

कुजतो तो बहुधा चौकटीच्या उभ्या लाकडाचा तळ आणि झडपेची खालची आडवी पट्टी, कारण कापलेल्या टोकातून लाकूड पाणी ओढतं. तेवढाच भाग कापा आणि जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी जाडीच्या तिप्पट तरी हवी आणि उतार बाहेरच्या बाजूला. झडपेच्या तळाखाली पाणी तोडणारी खाच नसेल तर मारून घ्या. चौकटीभोवती सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून चुन्याचा करा. सिमेंट ओल अडवून धरतं आणि नवीन तुकडाही कुजवतं.

काचेसाठी खाचेला आधी जवसाचं तेल पाजा, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं (काच बसवायच्या पुट्टीतलं) तेल शोषतं आणि लांबी तडकते. लांबीवर साय धरल्यावरच रंग द्या आणि तो काचेवर दोन मिलिमीटर चढू द्या, पाणी तिथूनच आत शिरतं. बिजागरीला पितळी स्क्रू लावायचे असतील तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून काढा. थेट पितळी घातला तर डोकं तुटतं. झिलमिली बहुधा रंगाच्या थरांनी चिकटलेली असते. थर खरवडा, उभ्या दांडीच्या सैल कड्या बदला, पट्ट्या फिरू लागतील.

झिलमिलीसाठीच एवढं भांडतोय. पाऊस कोसळत असतानाही हवा खेळती राहते आणि पुस्तकांना बुरशी लागायची शक्यता कमी होते. स्लायडिंगचं निम्मंच तोंड उघडतं. शिवाय खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं धुळीने बुजली की पाणी आत येतं. खिडक्या मिटाव्या लागतात आणि कपाटं घुसमटतात.

खर्च न बघता सांगता येणार नाही. सुताराकडून खिडकीमागे दर घेऊ नका. तुकडा, काच, बिजागरी, रंग असा वेगळा भाव मागा, म्हणजे समितीपुढे तुलना मांडता येईल.

आणि हो, वाळवी लागली असेल किंवा चौकट आंब्याच्या लाकडाची असेल तर एवढा खटाटोप करू नका. इमारत वारसा यादीत असेल तर काहीही काढण्याआधी परवानगी लागेल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा पॉलिशपेपर मारू देऊ नका. ओला करून घासा आणि त्या काळात मुलांचा विभाग बंद ठेवा.