आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ज्युनियर रोअर म्हणून उतरताना नॅशनल्सपेक्षा नेमकं काय वेगळं असतं?

प्रश्नाखाली लिहिलंयस की तू सतरा वर्षांची आहेस, सिंगल स्कल (एकटीची, दोन वल्ह्यांची बोट) करतेस आणि आशियाई ज्युनियरसाठी निवड झालीय. म्हणून थेट अगंतुगं करते, राग मानू नकोस. मीही ज्युनियर असताना आशियाई स्पर्धेत सिंगललाच होते.

अंतर तेच, 2000 मीटर. लेन सहा. दम तेवढाच लागतो. वेगळं असतं ते पाण्यात उतरण्याआधीचं आणि स्टार्टवरचं, आणि त्याची तयारी घरी बसून करता येते. एर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवर, आता शेवटच्या तीन आठवड्यांत फार काही वाढणार नाही.

सगळ्यात आधी बोट. परदेशात बहुतेक वेळा भाड्याची बोट मिळते, आणि ती आधीच्या कोणाच्या तरी मापाने लावलेली असते. तुझ्या नेहमीच्या बोटीची सगळी मापं आत्ताच टेपने घेऊन वहीत उतरव: स्पॅन (दोन्ही गेटमधलं अंतर; गेट म्हणजे वल्हं अडकवायची कडी), दोन्ही गेटची सीटपासूनची उंची, फूट स्ट्रेचर (पाय बांधायची फळी) किती उंच आणि कितव्या खाचेत, वल्ह्याची एकूण लांबी, गेटच्या आतली लांबी. फोटो काढून भागत नाही, आकडे हवेत. तू डावा हात वर ठेवून वल्हवत असशील तर डाव्या हाताचं गेट उजव्यापेक्षा किंचित वर लागतं. कोणी ते सारखं करून ठेवलं असेल, तर बोट सारखी एका कुशीवर का पडतेय हे शोधण्यात सरावाचा अख्खा दिवस जातो आणि माणूस उगाच स्वतःच्या तंत्राला दोष देत बसतो.

सिंगल किमान 14 किलोची असावी लागते. रेस संपल्यावर काही बोटी निवडून वजनाला नेतात. सरावाच्या दिवसांत काटा वापरायला मिळतो, तेव्हाच एकदा ठेवून बघ. पाण्याची बाटली त्या वजनात धरत नाहीत. आणि कोर्सवर जायच्या-यायच्या लेनचा नकाशा लावलेला असतो, तो पाठ कर. सरावाचा नकाशा वेगळा, रेस चालू असतानाचा वेगळा. आपण पाठमोऱ्या जातो, समोरून आठ जणींची बोट आली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता स्टार्ट. दोन मिनिटं आधी तू तुझ्या लेनमध्ये लागलेली हवीस. उशीर झाला तर यलो कार्ड, फॉल्स स्टार्ट केला तरी यलो कार्ड, आणि दोन झाली की त्या स्पर्धेतून बाद. पाँटूनवर, म्हणजे स्टार्टच्या तरंगत्या धक्क्यावर, एक मुलगा पालथा पडून तुझ्या बोटीचं मागचं टोक धरून असतो. तुझं तोंड त्याच्याचकडे. भाषा एकमेकांची कळत नाही, नुसतं हसायचं. तेवढ्यात वारा बोटीचं नाक शेजारच्या लेनकडे ढकलायला लागतो. इथे पुष्कळ मुली घाबरून मोठा स्ट्रोक घेतात आणि नाक दुसऱ्या बाजूला जातं. ज्या बाजूला नाक वळलंय त्याच बाजूच्या वल्ह्याने, पाय न हलवता, नुसत्या हाताने बारीक बारीक ओढ. हात वर केला की स्टार्टर थांबेल या भरवशावर राहू नकोस.

मग लेनप्रमाणे देशांची नावं पुकारतात. 'इंडिया' ऐकलं की छातीत धस्स होतं, होऊ दे. त्यानंतर 'अटेन्शन', लाल दिवा, आणि थोडा थांबा. हा थांबा दर वेळी सारखा नसतो, त्यामुळे मनात एक-दोन मोजून निघायची सवय आत्ताच मोड. कोचला सांग, रोज वेगवेगळ्या वेळाने शिट्टी वाजवा. पहिल्या 100 मीटरमध्ये बोटीचं काही तुटलं तर हात वर करायचा, रेस थांबवतात. त्यापुढे तुटलं तर तुझं नशीब.

नॅशनल्सला तू बहुधा पुढे असतेस, म्हणजे बाकीच्या सगळ्या तुला दिसतात. तिथे सुरुवातीलाच कोणी दिसेनासं होईल. दिसेल फक्त पाणी आणि अंपायरची लाँच. त्या क्षणी रेट (मिनिटाला किती स्ट्रोक) चाळीसवर धरून ठेवावासा वाटतो. धरू नकोस, तुझ्या ठरलेल्या रेटवर ये, मग तो 32 असो की 34. सुसाट सुटलेल्यांपैकी एखादी-दुसरी तिसऱ्या पाचशे मीटरमध्ये हमखास मागे येते, आणि तेव्हा पायात काही शिल्लक असेल तरच उपयोग.

हीटमध्ये थेट फायनल नाही मिळाली तर रेपेशाज, म्हणजे दुसऱ्या संधीची रेस, असू शकते, आणि तिथेही नाही जमलं तर बी (सातव्या ते बाराव्या क्रमांकासाठी) किंवा सी (तेराव्या ते अठराव्यासाठी) फायनल. तिला 'उरलेल्यांची रेस' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओमध्ये तेरावा आला, म्हणजे सी फायनल जिंकला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत क्वाड्रुपल स्कलचं (चौघांच्या बोटीचं) सुवर्ण घेणाऱ्या चौघांत तो होता.

पुढच्या वर्षी ज्युनियर राहशील का, हेही विचारलंयस. ज्या वर्षात अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत ज्युनियर धरतात. तारखेवरून तूच हिशेब कर.

उकाड्याची तयारी ठेव. 2019 ची जागतिक ज्युनियर स्पर्धा टोकियोत ऐन ऑगस्टमध्ये झाली होती, आणि तीही खाडीच्या खाऱ्या पाण्यात. तुझाही कोर्स खाऱ्या पाण्याचा असेल तर रोज सीटची चाकं आणि गेट गोड्या पाण्याने धुवायला विसरू नकोस. आणि बोटीच्या नटांसाठी 10 व 13 मिलिमीटरचा पाना चेक-इन बॅगेत टाक. हँडबॅगेत ठेवलास तर विमानतळावर काढून घेतील, आणि तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचा पाना मागत फिरत असतो.