मनाचा राजा, पण मुलगा सोडून

उदगीरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा लातूरला राहून दोनदा नीटला बसला, मार्क कमी पडले. आता तो समाजशास्त्रात बीए करतो म्हणतोय. वडील लिहितात, ‘माणूस मनाचा राजा. त्याच्या वागण्याचं कसलं आलंय शास्त्र? टाईमपास विषय आहे. तिसऱ्यांदा नीटला बस म्हणून तुम्हीच सांगा. क्लासची फी मी भरून टाकलीय.’

भाऊ, माणूस मनाचा राजा, मग फी भरताना लेकराला विचारलं का? ‘पाहुण्यांत काय सांगू’ हे पत्रात तीनदा आलंय, त्याला काय वाटतं हे एकदाही नाही. मार्कांपेक्षा मला याचीच धास्ती वाटते. दोन वर्षं क्लास आणि खोली एवढंच बघितलेला पोरगा स्वतःहून ‘मला हे करायचंय’ म्हणतोय. त्याला गप्प बसवलंत तर पुढं तो तुम्हाला काही सांगणारच नाही. तेव्हा नीटला बस असं मी त्याला सांगणार नाही.

तुमची शंका मात्र फालतू नाही. समाजशास्त्र एकेकाचं भविष्य सांगत नाही. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी लोक पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घ्यायची का नाही, हे बहुतेक जोडपी घरात बसूनच ठरवतात. तरी गाड्या वर्षानुवर्षं त्याच गावांतून भरतात. कोरडवाहू जमीन, न फिटलेली जुनी उचल, गावात नसलेलं काम, ही कारणं शोधता येतात, मोजता येतात. अमुक जोडपं यंदा जाईलच, हे मात्र छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आत्महत्येसारख्या अगदी एकट्याच्या वाटणाऱ्या कृतीचं प्रमाणही समाजागणिक वेगळं आणि बऱ्यापैकी स्थिर असतं, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं १८९७ मध्ये आकडे मांडून दाखवलं. म्हणजे निर्णय माणसाचाच, पण तो हवेत होत नाही. उचलीचा हिशेब ज्या बाईला कळला, तिला बचतगटाचा रस्ता दिसू शकतो. कारण समजल्यानं तिची मर्जी कमी झाली का? (तत्त्वज्ञ यावर अजून भांडताहेत. भांडू द्या, प्रवेश त्यासाठी थांबत नाही.)

बारावी सायन्सनंतर बीएला जाता येतं, संभाजीनगरच्या विद्यापीठात पुढं एमए आहे, यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो.

मुलाला एक निरोप द्या. नीटच्या नादात गणित सोडलं असेल तर संख्याशास्त्र आतापासून हातात घे म्हणावं. सर्वेक्षणातले आकडे वाचता आले नाहीत, तर टाईमपासची तुमची तक्रार तोच खरी करून दाखवेल.