प्रोमो कार्ड, वाकलेलं फॉइल आणि आईची इस्त्री

प्रश्न: दादा, न्यू जर्सीच्या मामेभावाने त्याच्या मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांसारख्या खेळाच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा पाठवलाय. त्यात एक नालाथनी ड्रॅगन आहे आणि एक सोनेरी तारखेचा शिक्का असलेलं फॉइल, म्हणजे चकचकीत कार्ड. दोन्ही प्रोमो, म्हणजे जाहिरातीसाठी वेगळी वाटलेली कार्डं म्हणे. प्रोमो म्हणजे महागच ना? आणि फॉइल जुलैपासून पापडासारखं वाकलंय, आई म्हणते इस्त्री फिरव.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ती इस्त्री कपाटात ठेव बाबा! फॉइलवरचा चकचकीत थर दमट हवेला दाद देत नाही पण खालचा कागद पाणी ओढून फुगतो, मग कार्ड वाकणारच, त्यात डोंबिवलीचा पावसाळा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक (नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच) आणि मधूनमधून बघत राहा, कारण फार कोरडं झालं की ते उलट्या बाजूला वाकतं. मी एकदा आठवडाभर विसरलो आणि होडी करून बसलो. सरळ झालं की पीव्हीसी नसलेल्या स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटात) ठेव.

आता पैशांचं. शिक्क्याचं कार्ड प्रीरिलीजचं, म्हणजे कार्डांचा नवा सेट बाजारात यायच्या आधीच्या स्पर्धेत खेळणाऱ्यांना वाटलेलं, त्यातली बरीचशी स्वस्तातच मिळतात. ड्रॅगनची गोष्ट मात्र मजेशीर. १९९४ ला अमेरिकेतल्या अटलांटाच्या ड्रॅगन कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात तो फुकट वाटला, जे गेले नव्हते ते असे चिडले की कंपनीला तो आपल्या मासिकासोबतही द्यावा लागला! त्यामुळे तो काही दुर्मिळ राहिला नाही, आणि खेळायलाही यथातथाच.

याच्या उलट माना क्रिप्ट हे कार्ड. तेही प्रोमोच, कादंबरीतलं कूपन कापून टपालाने मागवायचं. पण शून्य खर्चात दोन माना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) देतं, त्यामुळे खेळणारे त्यासाठी जीव टाकतात. २०१६ ला पुन्हा छापलं, २०२४ ला या खेळाच्या कमांडर नावाच्या प्रकारात बंदी आली तेव्हा भाव दणकन पडला, तरी ते जुनं पुस्तकवालं आजही महागच. म्हणजे प्रोमो शब्दाला भाव नाही, किती वाटली आणि कोणाला खेळायला हवीत त्याला आहे.

बाकी मामेभावाच्या त्या गठ्ठ्यात क्रिप्ट नाही ना, नीट उलटून बघितलंस का?